बाबासाहेबांचे कपडे

२०१८ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये एक प्रदर्शन भरलं होतं. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो, तिच्या कपड्यांचं. फ्रिडा १९५४ साली गेली. तिच्या वस्तू नवऱ्याने, म्हणजे दिएगो रिव्हेराने, घरातच बंद करून ठेवायला लावल्या आणि ते दार उघडलं थेट २००४ साली! आत काय निघालं? झगे, शाली, दागिने, औषधं, अपघाताने मोडलेल्या पाठीला धरून ठेवणाऱ्या प्लास्टरच्या चोळ्या, आणि एक खोटा पाय, त्यावर लाल बूट. मी काही लंडनला गेले नव्हते. फोटो पाहिले, तेवढेच. पण फोटो पाहतानाही वाटलं, ह्या बाईने रोज सकाळी कपडे घालताना किती विचार केला असेल!

ते फोटो आमच्या घरच्या जेवणावळीत फिरले आणि मी सहज म्हटलं, "आपल्या नागपुरात पण असं एक कपाट आहे की. चिचोलीला." झालं! चुलतभाऊ भडकला. "बाबासाहेब काय स्टाईल आयकॉन आहेत का? काहीतरीच बोलतेस." आत्याने त्याची बाजू घेतली, आईने माझी घेतली आणि मठ्ठा गरम झाला. मुद्दा तिथेच राहिला. तर सगळ्यांना एकदम उत्तर म्हणून हे लिहितेय. आत्या, पूर्ण वाच आणि मग फोन कर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. नागपूर शहराच्या बाहेर, काटोल रोडच्या बाजूला चिचोली नावाचं गाव आहे. तिथे शांतिवन आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या सोहळ्याची नागपुरातली सगळी धावपळ ज्यांनी केली, त्या वामनराव गोडबोले यांनी हे उभं केलं. बाबासाहेबांचे सचिव नानकचंद रत्तू शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर होते. त्यांनी जपलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू गोडबोल्यांकडे आल्या आणि चिचोलीच्या संग्रहालयात ठेवल्या गेल्या. टाईपरायटर आहे, रोजच्या वापरातल्या चिजा आहेत, आणि कपडे आहेत. कोट आहेत. टोप्या आहेत.

दसऱ्याला आणि १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर पाय ठेवायला जागा नसते. आमच्या घरातले सगळे तिथे दरवर्षी जातात, पुस्तकं घेतात, जेवणदानाच्या रांगेत वाढायला उभे राहतात. पण चिचोलीला आमच्यातले किती जण गेलेत? मी मोजलं. चार. आणि भडकलेला चुलतभाऊ त्या चारांत नाही. (नाव सांगत नाही, तो वाचतोय.)

टाईपरायटरपुढे लोक थांबतात, हात जोडतात. साहजिक आहे, लिहिण्याचं यंत्र म्हटलं की त्याचं मोल लगेच कळतं. कोटापुढून मात्र पटकन पुढे सरकतात. कोट तर काय, सगळेच घालतात! मला मात्र वाटतं की त्या सगळ्या संग्रहात सर्वात जास्त बोलणारी वस्तू तो कोटच आहे. आणि ते का, हे सांगायला नागपूर सोडून थोडं मागे, सातारा जिल्ह्यात जावं लागेल.

१९०१ साल. भीमराव नऊ-दहा वर्षांचे. वडील रामजी कोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदाराच्या नोकरीत होते. त्यांनी पोरांना सुट्टीत बोलावलं. कोण आनंद! पोरांना नवे कपडे शिवले. विलायती पद्धतीचे सदरे, चमचमत्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. आगगाडीने पोरं मसूर स्टेशनला उतरली. पण वडिलांना पत्र पोचलंच नव्हतं, त्यामुळे घ्यायला कोणी आलं नाही. तासभर पोरं फलाटावर बसली. स्टेशनमास्तर आला, मायेने विचारपूस करू लागला. कपडे आणि बोलणं बघून त्याला वाटलं, ही ब्राह्मणाची पोरं. मग त्याने जात विचारली आणि छोट्या भीमरावांनी पटकन खरं ते सांगून टाकलं. महार. मास्तरचा चेहराच बदलला. आल्या पावली खोलीत निघून गेला. पुढे एकही गाडीवान पोरांना गाडीत बसवायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, पोरांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं. रात्रभर बरोबरच्या डब्यातलं जेवण होतं, पण प्यायला पाणी कोणी दिलं नाही.

ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आमच्याकडे ती पाण्याची गोष्ट म्हणून सांगतात. मी शाळेत भाषणात पण तशीच सांगितली होती. पण नीट बघा, ही कपड्यांची पण गोष्ट आहे. कितीतरी वर्षांनी लिहिताना त्या माणसाला टोपीची चमक आठवते, धोतराचा काठ आठवतो. त्या कपड्यांनी एक तासभर का होईना, एका माणसाला ही पोरं नुसती पोरं म्हणून दिसली होती. जात कळली आणि तेच कपडे कुचकामी ठरले. कपडे किती करू शकतात आणि कुठे थांबतात, हे त्या फलाटावर एकाच तासात कळलं.

आता दुसरी बाजू. कपडा ही आपल्याकडे कधीच ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी काय घालायचं ते लिहून ठेवलंय. मेलेल्यांची वस्त्रं आणि लोखंडाचे दागिने. म्हणजे कायदाच! आणि हा नुसता पोथीतला नाही. आपल्या गावगाड्यात महारांच्या हक्कांच्या यादीत मढ्यावरचं कापड असायचं. हक्क बरं का! गावात कोणी मेलं की अंगावर कापड यायचं. तिकडे त्रावणकोर संस्थानात नाडार बायकांना छाती झाकायला मिळावी म्हणून एकोणिसाव्या शतकात कित्येक वर्षं झगडावं लागलं, १८५९ साली कुठे परवानगी निघाली, आणि तीही वरच्या जातीच्या बायकांसारखं वस्त्र घ्यायचं नाही या अटीवर. नवं कापड, पूर्ण कापड, चांगलं कापड हे कोणी घालायचं आणि कोणी नाही, हे दुसरं कोणीतरी ठरवत होतं.

म्हणून १९२७ च्या डिसेंबरातलं महाड बघा. २५ तारखेला मनुस्मृती जाळली, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले, आणि काय बोलले? लुगड्याबद्दल! तुमची लुगडं नेसायची पद्धत ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती बदला. गळ्यात गलसऱ्यांचे ढीग आणि कोपरापर्यंत कथलाच्या-चांदीच्या पाटल्या घालता, ती पण खूण आहे, ती काढा. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाही तर घालू नका. कपडा फाटका असला तरी चालेल, स्वच्छ ठेवा. असा त्या भाषणाचा आशय. आणि दुसऱ्याच दिवशी बायका नव्या पद्धतीने लुगडी नेसून आल्या! पुरुष ठराव करतात आणि बायका रात्रीत अमलात आणतात, हे तेव्हाही तसंच होतं म्हणायचं. ह्या बायकांच्या आठवणी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' मध्ये गोळा केल्या आहेत. मिळालं तर नक्की वाचा.

मनूने दोन गोष्टी ठरवून दिल्या होत्या, वस्त्र आणि दागिना. महाडला दोन्हींवर बोट ठेवलं गेलं. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पोथी जाळणं हे एक झालं, पण तिच्यातला नियम प्रत्येकीच्या अंगावरून उतरवायचा राहिला होता, आणि ते काम घरोघरी ट्रंकेजवळ, आरशासमोर व्हायचं होतं.

आता नागपूरला येऊ. आपल्या गावाचं आणि कापडाचं नातं फार जुनं. नागपूर-भंडाऱ्याकडे कोष्टी बारीक, रेशीमकाठी विणायचे आणि महार जाडंभरडं कापड विणायचे. इंग्रजी काळातल्या जातींच्या नोंदींत हे स्पष्ट आहे. मग १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, जुम्मा तलावाजवळ. गिरणीचं स्वस्त कापड आलं आणि हातमागावरचं जाडंभरडं कोण घेणार? विणणारे हात गिरणीत गेले. माझे आजोबा पण गेले, सूतकताईच्या खात्यात. (आता ना गिरणी उरली, ना भोंगा. त्या जागेवर मॉल आहे आणि तिथे तयार कपड्यांची दुकानं आहेत. माझी मुलगी तिथूनच जीन्स घेते. असो.) मुंबईच्या गिरण्यांत तर विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेतच नसत. का, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि तो उष्टा होईल! बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला होता. म्हणजे कापड विणायलाही बंदी, घालायलाही बंदी.

१९४२ च्या जुलैमध्ये नागपुरात मोठी परिषद झाली, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन तिथेच निघालं. २० जुलैला महिलांची वेगळी परिषद होती, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून नेमले गेले होते. बायका हजारोंनी आल्या होत्या. त्यांना बघून समाजाची प्रगती आपण बायकांच्या प्रगतीवरून मोजतो, अशा अर्थाचं ते बोलले. माझी आजी तेव्हा लहान होती, ती नव्हती. पण तिची आई गेली होती, आणि घरी येऊन तिने सांगितलं काय, तर "साहेबाचा कोट कसा कडक होता माय!" भाषणातलं तिला किती कळलं कोण जाणे. पण आपला माणूस कलेक्टरापेक्षा भारी दिसतो, एवढं तिला कळलं होतं, आणि त्याच्यासाठी ती अनवाणी चालत आली होती.

आता तो नेहमीचा आक्षेप. गरिबांचा पुढारी आणि सूटबूट? हा प्रश्न विचारणारे बहुतेक वेळा गांधीजींकडे बोट दाखवतात. ठीक आहे, बोट दाखवायला आपल्याला लांब जायला नको. नागपूरहून पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरवर सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. बापूकुटीत त्यांच्या थोड्याशा वस्तू ठेवलेल्या आहेत. जाऊन बघा, मन खरंच शांत होतं. विलायतेत शिकताना हेच गांधी उंची सूट आणि उंच टोपी घालून फिरत होते, आणि १९२१ साली मदुराईत त्यांनी पंचा तेवढा ठेवला. बॅरिस्टर दोघंही. एकाने कोट उतरवला, दुसऱ्याने शेवटपर्यंत घातला. सेवाग्राम आणि चिचोली एकाच दिवसात बघून होतात, आणि मी म्हणते प्रत्येक वैदर्भीय माणसाने ती एकदा एकाच दिवशी बघावीत.

गांधीजींच्या त्यागाला मी कमी लेखत नाही. पण उतरवायला आधी अंगावर असावं लागतं ना? ज्यांच्या आज्या-पणज्यांना मढ्यावरचं कापड मिळत होतं, त्यांच्या माणसाने उघड्या अंगाने फिरून काय नवं सांगितलं असतं? जगाला ते चित्र पाठ होतंच. त्याने तीन तुकड्यांचा सूट घालून, टाय बांधून, खिशात फाऊंटन पेन लावून गोलमेज परिषदेत बसणं हे नवं होतं. तिथे कोणी मसूरच्या मास्तरसारखा चेहरा करून उठून जाऊ शकत नव्हता.

आणि एक मजेची गोष्ट. ते काही चोवीस तास सुटात नसत. घरी साधे, सैल कपडे असत, तसे फोटो पण आहेत. म्हणजे कुठे काय घालायचं हे तो माणूस ठरवून करत होता. चुलतभावाला 'स्टाईल आयकॉन' शब्द झोंबला तो नटनट्यांमुळे. पण ज्याच्या कपड्याकडे बघून लाखो लोकांनी आपले कपडे बदलले, लुगड्याची नेसण बदलली, हातातल्या पाटल्या काढल्या, पोराला पहिल्या पगारात कोट शिवला, त्याला दुसरं काय म्हणायचं? शब्द सुचव, मी बदलते. गावोगावचे पुतळे बघ. धोतरातले किती आहेत? निळा सूट, लाल टाय, हातात संविधान. त्या काळचे बरेचसे फोटो काळेपांढरे. सुटाला निळा रंग दिला तो लोकांनी, फेडरेशनच्या झेंड्याचा.

सगळ्यात विचार करायला लावणारा दिवस मात्र १४ ऑक्टोबर १९५६. सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरलेला हा माणूस आयुष्यातल्या सर्वात मोठ्या कार्यक्रमाला निघाला आणि त्याने सूट घातला नाही! पांढरं रेशमी धोतर आणि पांढरा कोट. भदंत चंद्रमणींकडून दीक्षा घेताना समोरचा सगळा मैदानभर समाज पण पांढऱ्यात. का? मला वाटतं, सूट हा दुसऱ्यांसाठी होता. कोर्टासाठी, कौन्सिलसाठी, साहेबांसाठी, ज्यांना आपण बरोबरीचे आहोत हे दाखवायचं होतं त्यांच्यासाठी. त्या दिवशी दाखवायला दुसरं कोणी नव्हतं. गिरणीतला मजूर आणि कोलंबियाचा डॉक्टर एकाच रंगात उभे होते.

आता चिचोलीबद्दल एक काळजी, आणि ती मी खरंच विचारतेय. कापड ही फार नाजूक चीज आहे. मोठ्या म्युझियममध्ये जुन्या कपड्यावर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, म्हणजे मंद दिव्यासारखा. काही महिने मांडला की तो परत अंधारात, सपाट, आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळून ठेवतात. उजेडाने जे बिघडतं ते पुन्हा दुरुस्त होत नाही. घडी वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली तर कापड तिथेच तुटतं. लोकरीला कसर लागते. त्यात आपल्या नागपूरचा उन्हाळा पंचेचाळीसच्या पुढे आणि लगेच पावसाळ्याची दमट हवा.

म्हणजे पेच असा आहे. आपल्या लोकांना तो कोट बघायचा असतो, रोज, कायम, डोळे भरून. आणि कोटाला हवा असतो अंधार. मी हे बोलले तेव्हा आत्या म्हणाली, "मग काय कपाटात कोंडून ठेवायचा? लोकं खेड्यातून भाडं खर्चून येतात!" तिचं चूक नाही. पण माझं मत असं, की हुबेहूब दुसरा शिवून तो काचेत ठेवावा, तसं स्पष्ट लिहावं, आणि खरा वर्षातून ठराविक दिवसच बाहेर काढावा. जगभर असं करतात. माझ्या पणतीला तो बघायला मिळावा एवढंच. आत्या, ह्यावर आपण बोलू.

कारण आपल्या घरांत काही उरत नाही. ह्या लेखासाठी मी आजीच्या पेटीत शोधलं. वाटलं होतं दीक्षेच्या दिवशीचं लुगडं सापडेल. ती गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो आहोत. "बजारात पांढरं लुगडंच भेटे ना. तुया आजोबानं सारं बर्डी पालथं घातलं, मग दोन पातळं आणली, एक मले अन् एक तुया मोठ्या आजीले." आजोबांचा पांढरा सदरा पण तेव्हाचाच होता. पेटीत काहीच नव्हतं. आईला विचारलं. आई म्हणाली, "अगं, कधीचंच गेलं ते."

सदरा आजोबांनी विटेपर्यंत गिरणीत घातला, मग त्याची झबली झाली, आतेभावाला आणि नंतर माझ्या बाबांना. लुगडं आजी दर १४ ऑक्टोबरला नेसायची. विरलं तेव्हा त्याची दोन धडुती करून एक वाकळीच्या आतल्या थराला गेलं. ती वाकळ मी पांघरलेली आहे, १९८५ च्या आसपास, ओल्ड भंडारा रोडच्या घरी. वरून निळ्या-हिरव्या चिंध्या होत्या. पांढरं आत होतं, कुठे उसवलं की दिसायचं. ती वाकळ पण पुढे फाटली आणि पुरात भिजलेल्या सामानाबरोबर टाकून दिली.

आजीला मी एकदा विचारलं होतं, जपून का नाही ठेवलं म्हणून. ती हसली. "थंडीत पोट्टे कुडकुडत होते अन् मी लुगडं पेटीत ठिवू?"